मद्यपारख : पेण व रोहे परिसर

मद्याचा रंग, वास, चव, फेस व तीव्रता यांवरून त्याचा कस ठरविण्याच्या क्रियेस मद्यपारख म्हणतात. ही पारख दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग जीभ, नाक व डोळा यांचा आणि दुसरा उपकरणांचा. इंग्लंडमध्ये पेल एल या फिकट रंगाच्या बिअरच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बरोबरीने वाढले. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहे या तालुक्यांत मात्र उपकरण आले ते सरकारी आबकारी खात्याबरोबर, आणि त्याच्या मागोमाग आलेल्या कायद्यांनी स्थानिक पारख हळूहळू गुन्ह्याच्या कक्षेत ढकलली. या परिसरातील मद्यपारखीचा इतिहास म्हणूनच चवीचा जितका, तितकाच महसुलाचा आणि जंगलावरील हक्कांचाही आहे.

पेण हे भोगावती नदीकाठी वसलेले असून त्याच्या पश्चिमेस खाड्या, खारजमिनी व मिठागरे आहेत. रोहे कुंडलिका नदीच्या काठी आहे व नदीपलीकडे अष्टमी हे तांदळाच्या बाजारासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध असलेले गाव आहे. दोन्ही तालुक्यांच्या डोंगराळ भागात कातकरी व ठाकूर या आदिवासी जमातींची वस्ती आहे. भूरचनेनुसार येथील पेयेही दोन प्रकारची होती. खाडीच्या व समुद्राच्या बाजूस माड, ताड व शिंदी या झाडांचा रस आंबवून केलेली माडी व ताडी, तर डोंगराच्या बाजूस मोहाच्या फुलांपासून गाळलेली दारू. पहिले पेय केवळ किण्वनाने तयार होते, दुसऱ्यास किण्वनानंतर ऊर्ध्वपातनाचीही जोड लागते. हा भेद वरवर तांत्रिक वाटला, तरी सरकारी कर-धोरणाच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरला.

माडी काढण्याचे काम कोकणात परंपरेने भंडारी समाजाकडे होते. माडाची न उमललेली पोय बांधून, ठोकून व तिचे टोक रोज पातळ कापून त्याखाली मडके अडकवीत. पाझरणारा ताजा रस म्हणजे नीरा. ती गोड असते. परंतु हवेतील व मडक्यातील यीस्ट आणि सूक्ष्मजंतू यांच्यामुळे तिचे किण्वन झाडावरच सुरू होते. मडक्यास आतून चुना लावल्यास ते काही काळ रोखता येते. काही तासांत साखरेचे अल्कोहॉल होऊ लागते आणि माडीत सु. ४ ते ६ टक्के अल्कोहॉल येते. म्हणजे तीव्रतेच्या दृष्टीने ती साधारण पेल एलच्या बरोबरीची असते. पुढे तीत आंबटपणा वाढत जाऊन अखेर तिचा शिरका होतो. त्यामुळे माडीची पारख ही मुख्यतः वेळेची पारख आहे. सकाळची माडी व संध्याकाळची माडी, गोडसर व आंबूस, फेसाळ व फेस बसलेली, असे भेद पिणारा व काढणारा दोघेही ओळखतात. तिच्यात पाणी घातले असल्यास फेस लवकर बसतो व चव पातळ लागते. बिअर महिनोन्‌महिने टिकवून हजारो किलोमीटर नेता येते, तशी माडी नेता येत नाही. ती ज्या झाडाची त्याच्याच आसपास प्यावी लागते. तिच्या पारखीची भाषाही त्यामुळे गावापुरती राहिली व लिहून ठेवली गेली नाही.

मोहाच्या दारूची गोष्ट निराळी आहे. मोहाची मांसल, पिवळसर फुले साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये रात्री व पहाटे गळतात. वाळलेल्या फुलांत वजनाच्या निम्म्याहून अधिक शर्करा असल्याने ती साठवून वर्षभर वापरता येतात. कातकरी व ठाकूर यांच्या लेखी ही फुले केवळ दारूचा कच्चा माल नव्हती. टंचाईच्या महिन्यांत ती भाजून वा शिजवून खाल्ली जात. दारू करताना फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवीत आणि मग मातीच्या मडक्यात उकळून वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरवीत. जन्म, लग्न, मर्तिक व देवकार्य यांत या दारूस स्थान होते आणि तिचे चार थेंब जमिनीवर सांडल्याखेरीज पिण्यास आरंभ होत नसे.

ऊर्ध्वपातनात अल्कोहॉलची वाफ पाण्याच्या आधी येते, म्हणून आरंभी उतरणारा भाग तीव्र व नंतरचा सौम्य असतो. मराठीतील ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग यातूनच आला. एकदा गाळलेली दारू पुन्हा गाळली की तिला बेवडा म्हणत. ‘बे’ म्हणजे दोन. आज हा शब्द दारूस नव्हे, तर तिच्या आहारी गेलेल्या माणसास लावला जातो. मूळ अर्थ बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. वास्तविक तो पारखीच्या परिभाषेतील अतिशय नेमका शब्द होता. कोकण व गोवा या भागांतील गाळणारे आणखीही कसोट्या वापरीत. दारू उंचावरून करवंटीत ओतून बुडबुडे किती मोठे येतात व किती काळ टिकतात हे पाहणे, थोडी दारू पेटवून ज्योत धरते की नाही हे पाहणे, तळहातावर चोळून वास घेणे, अशा त्या होत. मोहाच्या दारूस एक विशिष्ट उग्र वास असतो. इंग्रज लेखकांनी त्यास उंदराच्या वासाची उपमा दिली. सवयीच्या पिणाऱ्यास मात्र तोच वास अस्सलपणाची खूण वाटे. पारखीत जिभेइतकाच संस्काराचा भाग किती मोठा असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

याच सुमारास मुंबई बंदरात विलायती पेल एल उतरत होती. लंडनजवळील बो येथील हॉजसन यांच्या कारखान्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या बाजारात या बिअरचा जम बसविला आणि एकोणिसाव्या शतकात बर्टन-ऑन-ट्रेंट येथील ऑलसॉप व बास यांनी तो बाजार बहुतांशी काबीज केला. हॉप या वनस्पतीच्या फुलोऱ्याचे भरपूर प्रमाण हे या बिअरचे वैशिष्ट्य होय. त्यामुळे तिला कडवटपणा येई व दीर्घ समुद्रप्रवासात ती टिके. ती पिणारे यूरोपीय अधिकारी, व्यापारी व त्यांच्या बरोबरीचे लोक होते. पेण व रोह्याच्या बाजारपेठेशी तिचा फारसा संबंध नव्हता. परंतु तिच्या मागे जे मोजमापाचे शास्त्र उभे राहिले, त्याच्याच एका शाखेने या बाजारपेठेपर्यंत मजल मारली.

जॉन रिचर्डसन याने १७८४ मध्ये बिअरसाठी सॅकॅरोमीटर हे उपकरण रूढ केले. आंबविण्यापूर्वीच्या रसाची घनता व आंबल्यानंतरची घनता यांच्या फरकावरून किती साखरेचे अल्कोहॉल झाले, हे त्यावरून काढता येते. गाळलेल्या मद्यासाठी बार्थॉलोम्यू साइक्स याचा हायड्रोमीटर ब्रिटिश पार्लमेंटने १८१६ च्या कायद्याने अधिकृत ठरविला. मद्याच्या तीव्रतेचे जुने इंग्रजी माप ‘प्रूफ’ हे होते. बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटविली असता ती जळाली, तर मद्य कसास उतरले असे मानीत. नव्या व्याख्येनुसार ५१ अंश फॅरनहाइट तापमानास ज्या मद्याचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ असते, ते प्रूफ मद्य ठरले. त्यात आकारमानाने सु. ५७.१ टक्के अल्कोहॉल असते. प्रूफपेक्षा मद्य जितके सौम्य, तितके अंश ते ‘अंडर प्रूफ’. डोंगरातील कातकऱ्याची पेटवून पाहण्याची रीत आणि इंग्रजांची बंदुकीच्या दारूची कसोटी या मुळात एकाच जातीच्या. एकीचे पुढे पितळी उपकरण व तक्ते झाले, दुसरी रीतच राहिली, एवढाच फरक.

पेण व रोहे हे प्रदेश पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आले. प्रारंभी मद्यावरील कराची वसुली मक्त्याने दिली जाई. अशा मक्त्यास ‘गुत्ता’ म्हणत; दारूच्या दुकानास गुत्ता हे नाव पडले ते यामुळे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ही व्यवस्था पालटली. या धोरणाचे शिल्पकार आबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड हे होत. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मद्य मध्यवर्ती भट्टीत गाळावयाचे, तेथून बाहेर पडतानाच त्यावर तीव्रतेनुसार कर घ्यावयाचा आणि दुकानांचे मक्ते द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. मुंबई व आसपासच्या प्रदेशासाठी उरण हे अशा गाळणीचे मोठे केंद्र बनले. तेथील भट्ट्या बहुतांशी पारशी व्यावसायिकांच्या मालकीच्या होत्या. जकात, मीठ, अफू व आबकारी ही खाती मुंबई इलाख्यात एकाच आयुक्ताकडे असत. त्यामुळे मिठागरे व ताडाची झाडे दोन्ही असलेल्या पेणसारख्या तालुक्यात लोकांच्या रोजच्या गरजेच्या दोन वस्तूंवर एकाच खात्याची नजर होती.

कर तीव्रतेवर, म्हणून तीव्रता ठरलेली हवी. देशी दारू २५ अंश व ६० अंश अंडर प्रूफ अशा दोन ठरीव प्रतींत विकली जाऊ लागली. पहिलीत आकारमानाने सु. ४२.८ टक्के, तर दुसरीत सु. २२.८ टक्के अल्कोहॉल असते. पहिली धार, दुसरी धार, बेवडा या चढत्या-उतरत्या श्रेणीची जागा दोन आकड्यांनी घेतली. या बदलाची एक बाजू ग्राहकाच्या हिताची होती, हे नाकारता येत नाही; दुकानदाराने पाणी घातले की नाही, हे आता तपासता येऊ लागले. परंतु हायड्रोमीटर घनता सांगतो, चव सांगत नाही. फुले कोणत्या जंगलातील, ती किती दिवस आंबविली, धार कोठे तोडली, या ज्या गोष्टींवर मोहाच्या दारूची प्रत ठरे, त्यांना नव्या मोजणीत स्थान नव्हते आणि म्हणून किंमतही नव्हती.

माडीच्या बाबतीत हे शास्त्र लंगडेच पडले. तीत न आंबलेली साखर शिल्लक असते. साखरेने घनता वाढते व अल्कोहॉलने घटते. त्यामुळे हायड्रोमीटर तीत बुडवून तिची तीव्रता कळत नाही. पेल एलच्या कारखान्यात आंबविण्यापूर्वी रस मोजून ठेवता येतो, पण माडी मडक्यात पडतापडताच आंबू लागते, मग आधीचे माप घ्यावयाचे कसे? शिवाय ती दर तासास बदलते. पेयाचे माप घेता येईना, तेव्हा खात्याने झाडे मोजली. प्रत्येक छेदलेल्या झाडावर कर बसविण्यात आला व झाडांवर क्रमांक पडले. १८७८ नंतर हा वृक्षकर वाढविण्यात आल्याने मुंबई, ठाणे व कुलाबा भागांतील भंडाऱ्यांत मोठा असंतोष माजला. चांगल्या व कमी रसाच्या झाडाला सारखाच कर, ही त्यातील विसंगती उघड होती. झाडाची पारख भंडाऱ्याकडे होती, आकारणी मात्र त्या पारखीविना होत होती.

मोहाच्या बाबतीत शासन याहून पुढे गेले. मध्यवर्ती भट्टीची महाग दारू टाळून लोक रानात चोरून दारू गाळीत. हे रोखण्यासाठी १८९२ मध्ये मोहफुलांसंबंधीचा कायदा करण्यात आला. ठाणे व कुलाबा हे जिल्हे त्याचे मुख्य लक्ष्य होते. दारूवर नव्हे, तर फुलांवरच त्याने निर्बंध घातले. ती बाळगणे, विकणे व ने-आण करणे परवान्याच्या कक्षेत आले. अन्न, गुरांचा चारा व धर्मकृत्य यांसाठी लागणारी वस्तू केवळ तिच्यातून दारू निघू शकते म्हणून संशयास्पद ठरली. याच काळात उरणच्या भट्ट्यांसाठी मोहफुले पंचमहाल व रेवाकाठा या गुजरातच्या भागांतून आणली जात होती. म्हणजे दूरच्या जंगलातील फुलांची दारू परवानगीने याच जिल्ह्यात गाळली जाई आणि रोह्याच्या डोंगरातील फूल आपल्याच झाडाखाली वेचणाऱ्या कातकऱ्यास चौकशीस सामोरे जावे लागे. ‘कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल’ हे आबकारी धोरणाचे ब्रीद म्हणून सांगितले जाई. त्याचा भार कोणावर पडला, हे या उदाहरणावरून दिसते.

अंमलबजावणीही सोपी नव्हती. पेण व रोहे यांच्या पूर्वेस सुधागड हा भोर संस्थानचा तालुका, तर रोह्याच्या दक्षिण-पश्चिमेस जंजिरा संस्थान होते. हद्दी डोंगरांतून व खाड्यांतून जात. मुंबई सरकार शेजारच्या संस्थानांशी करार करून वा त्यांची आबकारी मक्त्याने घेऊन तेथील दर आपल्या दरांशी जुळते ठेवण्याचा प्रयत्न करीत असे. तरी रानवाटांवर त्याचा पुरता इलाज चालणे कठीण होते.

राष्ट्रीय चळवळीने या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिले. जंगलावरील निर्बंधांविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर (ता. उरण) येथे झालेला जंगल सत्याग्रह या जिल्ह्याच्या इतिहासातील मोठी घटना आहे, त्यात पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रही बळी पडले. दुसरीकडे दारूच्या दुकानांवरील निरोधन हा त्याच चळवळीचा कार्यक्रम होता. जंगलातील फुलावरचा हक्क मागणे व त्या फुलाची दारू निषिद्ध मानणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पुढे आल्या आणि त्यांतील विरोध तेव्हा फारसा कोणी उकलून पाहिला नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला व १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी लागू झाली. या कायद्याने मापाचा रोखच बदलला. त्याच्या ६६ व्या कलमानुसार रक्तातील अल्कोहॉलचे प्रमाण ०.०५ टक्क्याहून कमी नसल्यास ते बेकायदा मद्यपानामुळे नव्हे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. पूर्वी बाटली मोजली जाई, आता माणूस मोजला जाऊ लागला. मोहफुलांप्रमाणे सडका गूळही कायद्याच्या नियंत्रणाखाली आला. कारण चोरट्या भट्ट्यांत फुलांची जागा काळ्या गुळाने व नवसागराने घेतली होती. बंदी पुढे टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. मात्र दुकानात परत आलेली देशी दारू मोहाची नव्हती. उसाच्या मळीपासून काढलेल्या शुद्ध अल्कोहॉलमध्ये पाणी व संत्रा, मोसंबी यांसारखे स्वाद मिसळून ती तयार होते.

दारूबंदीच्या व चोरट्या गाळणीच्या काळाने पारखीची आणखी एक मर्यादा उघड केली. मिथिल अल्कोहॉल हे विष आहे. त्यामुळे दृष्टी जाते व मृत्यू ओढवतो. त्याची घनता एथिल अल्कोहॉलच्या घनतेच्या इतकी जवळ आहे की हायड्रोमीटरला दोघांतील फरक उमजत नाही, आणि वास-चवीवरूनही सामान्य पिणाऱ्यास तो ओळखता येत नाही. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ताडीतही क्लोरल हायड्रेटसारखे गुंगी आणणारे द्रव्य पाण्यात मिसळून विकण्याचे प्रकार राज्यात वारंवार उघडकीस आले आहेत. झाडावरून उतरविणारा व पिणारा एकमेकांस ओळखत, तोवर अशा भेसळीस फारसा वाव नव्हता. ती ओळख तुटल्यावर रासायनिक पृथक्करणाखेरीज खात्रीचा मार्ग उरत नाही.

पेल एलची पारख दरम्यान स्वतंत्र विद्या बनली. अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या बिअर परीक्षकांच्या प्रमाणन उपक्रमात ५० गुणांची पत्रिका वापरतात. तीत वासास १२, रूपास ३, चवीस २०, तोंडातील स्पर्शास ५ व एकूण परिणामास १० गुण असतात. उपकरणांनी काढलेले तीव्रतेचे व कडवटपणाचे आकडे परीक्षकास साहाय्यक असतात, निर्णय मात्र जिभेचा. पुणे येथे २००९ मध्ये डूलाली हा लहान प्रमाणावर बिअर करणारा उद्योग सुरू झाल्यानंतर महाराष्ट्रातील शहरांत अशा बिअरचा व तिच्या पारखीचा प्रसार झाला. त्याच वर्षी गोव्याच्या काजू फेणीस भौगोलिक निर्देशांक मिळाला. फेणीची तीव्रता तेथे ‘ग्राव’ या पोर्तुगीज काळापासूनच्या मापाने सांगतात व पहिल्या गाळणीचा हुर्राक आणि पुढील फेणी हा भेद गाळणारे व ग्राहक दोघेही जाणतात. कुलाब्याचा ‘बेवडा’ शिवी झाला आणि गोव्याची ‘फेणी’ प्रतिष्ठा पावली. दोन्ही मुळात गाळणीच्या प्रतींची नावे असताना असे व्हावे, याचे कारण चवीत नव्हे, तर दोन प्रदेशांच्या आबकारी इतिहासात शोधावे लागते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठविणे व त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध उठविले. १८९२ च्या कायद्यापासून धरल्यास मधे सु. १३० वर्षे गेली. ब्रिटनने साइक्सची प्रूफ-पद्धती १९८० मध्ये सोडून दिली व आकारमानाच्या टक्केवारीचा स्वीकार केला. भारतात मात्र तीव्र मद्याच्या बाटलीवर ४२.८ टक्के हाच आकडा सामान्यतः आढळतो. तो २५ अंश अंडर प्रूफचाच आहे.